मुळे धरलेल्या रंगाची हकिकत

श्रीगजानन प्रसन्न असो, आणि जी काच हाती येईल ती आधी पुसलेली असो. शके १९४५, शोभन नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, प्रयोगशाळा म्हणोन जे राज्य, तेथील वर्तमान ऐसे जे, पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब माळा, त्यांतही वीज वाहणारा एक वाण, त्याचे रंग काचेवर चढवोन कागदासारखे पातळ दिवे करावे, हा तेथील उद्योग. लेपखात्याचे मुख्य त्रिंबकपंत घैसास, त्यांची रीत की रंग काचेवर ओतावा आणि चक्रीवर काच गरगरा फिरवावी, म्हणजे तो सारखा पसरे, आणि रंग दाट तितका मान मोठा. परंतु दिव्यास थर लागत दोन, आणि दुसरा ओतावा तों त्याच्या द्रावणात पहिला विरघळोन जाई, आणि दिवा लागेना. पंत म्हणत, हवा दमट आहे. वैशाखातही म्हणत. मग त्याच राज्यातील मथुराबाई केळुसकर यांनी विनंती केली की माळ वरून ओतूच नये, काचेसच बीज चिकटवावे आणि तेथून ती उगवावी, म्हणजे मूळ धरील. हुजूर, म्हणजे संचालकसाहेब, यांणी आज्ञा केली की दरबारी दिवा लागला तर उत्तम, न लागला तर बाईंची खोली लेपखात्यास द्यावी. हे ऐकोन पंतांस धीर कोठला, परीक्षेच्या सकाळीच आपली वजनदार चक्री चार गडी लावोन बाईंच्या खोलीत नेवविली आणि खिडकीपाशी खुर्ची मांडून बसूनही पाहिले.

मग त्याच खोलीत दरबार भरला आणि बाईंनी बीजापासून रंग उगविलेली गडद जांभळी काच आणिली आणि सभा वाहवा म्हणाली, आणि बाईंनी तीच काच द्रावणात बुडवोन खळखळा धुतली, तों रंग भांड्यात उतरला आणि काचेवर राहिली अबोलीची छटा, तीही मानली तर. सभेस हसू आवरेना. पंत म्हणाले, “बाई, दिवा काचेवर लावणार की घंगाळात?”

बाई म्हणाल्या, “गेले ते पाहुणे, पंत. घरचे आत आहेत. दुसरा थर तुम्हीच ओता, चक्री आयती आलीच आहे.”

पंतांनी सढळ हाताने ओतिला, आणि काच गरगरा फिरली, आणि पहिला थर आपल्या मुळांवर जागचा हलला नाही. मग वर धातूचा मुलामा देवोन तारा जोडिल्या आणि वेलदोड्याएवढा हिरवा उजेड पडला. हुजूर खुर्ची सोडोन जवळ आले, आणि पेढे आले ते कोणी मागविले हे आजतागायत कळले नाही. सर्वांआधी टाळी वाजविली पंतांनी, आणि म्हणाले की वरचा हात आमचाच, आणि ते खोटेही नव्हे.

एवंच, खोली बाईंची राहिली, आणि चक्रीही तेथेच राहिली, कारण आणते वेळी धावले ते गडी नेते वेळी सापडेनात. सांप्रत पंत रोज दारी चपला काढोन पुसतात, “मथुराबाई, चक्री मोकळी आहे का?” आणि ती मोकळी असली तरी बाई म्हणतात, “बसा पंत, चहा होतोय. तोवर ही काच धुवा.” आणि पंत धुतात.