भस्माखालची गाठ

"बोडक्या कपाळानं फोटू? आमच्यात मढ्याचं बी कपाळ बोडकं ठेवत न्हाईत!" असं म्हणत उदगीरच्या दानम्मानं नातवाच्या, वीरेशच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले, आणि मगच सुनेला मोबाईल धरू दिला.

"आत्या, डॉक्टरीणबाईंनी गाठ दिसंल असा काढा म्हणलंय."

"तू गप बस. पोटुशी असताना, गिराण लागलेलं असताना टमाटे चिरलेस, म्हणून तर हे कपाळी आलं."

सुनेनं, मंजुश्रीनं, तसाच फोटो काढला. वर्षभर हेच चाललं होतं. गाठही मेली पिकल्या टमाट्यासारखीच, लालभडक. रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे, दर महिन्याला फोटो काढा, वाढते की उतरते ते बघू, असं लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. गाठ वाढली तसा दानम्मानं भस्माचा थर वाढवला. शेवटी शेवटी पोर चुना फासलेल्या भिंतीसारखं दिसू लागलं.

लातूरला बाईंनी बाराच्या बारा फोटो सरकवून पाहिले. "आजी, गाठ कुठंय?"

"हाय की, भस्माखाली."

"मग मी काय भस्म मोजू?"

बाईंनी ओल्या कापसानं कपाळ पुसलं. लाल गाठ मधोमध राखाडी पडून बसत चालली होती.

"बघा, भस्माचा गुण!"

"भस्माचा नाही. ती आपली आपण उतरतेय. आणि ऐका, ग्रहणानं, टमाट्यानं असलं काही होत नसतं. यात आईचा काहीच दोष नसतो."

मंजुश्रीनं पदरात तोंड लपवलं. सगळ्या गल्लीला पुरून उरणाऱ्या दानम्मानं हळूच विचारलं,

"कुठल्याच आईचा?"

"कुठल्याच."

बेचाळीस वर्षांमागं दानम्माच्या थोरल्या लेकीच्या, गंगूच्या गालावर अशीच गाठ होती. सासूनं गिराणाचंच नाव घेतलं होतं. पोरगी दीड वर्षाची होऊन तापानं गेली. तिला कधी उंबऱ्याबाहेर नेलं नव्हतं, मग फोटो कुठला?

"डागदरबाई, हे चिठ्ठीवर लिहून द्या."

"कुणाला दाखवायचंय?"

"सासूला. मेली ती. तरी लिहा."

परतीच्या एसटीत दानम्मानं चिठ्ठी उलटीच धरून बराच वेळ पाहिली. मग सुनेच्या मांडीवर टाकली. "वाच."

"आईचा दोष नाही."

"कोनत्या आईचा, ते लिहिलंय का?"

"न्हाई, आत्या."

"बरं झालं," दानम्मा खिडकीकडं तोंड फिरवून म्हणाली. "दोघीला पुरंल."