सुताराकडे गेलेलं टेबल

"उद्या कोणीही, काहीही नीटनेटकं करायचं नाही," मोठ्या सरांनी शिक्षकखोलीत हुकूम सोडला. "फुटलेलं फुटलेलं दिसू दे, गळकं गळकं दिसू दे. साहेब येणार आहेत."

शाळेच्या वर्षाचा शेवटचा दिवस उद्यावर आला होता आणि नेमके त्याच दिवशी अनुदान ठरवणारे साहेब शाळा बघायला येणार होते. मागे एकदा असेच एक साहेब आले होते. तेव्हा चित्रकलेच्या सरांनी फुटक्या खिडकीत पुठ्ठा बसवून त्यावर आकाश, डोंगर आणि उडणारे पक्षी रंगवले होते. 'शाळेस निसर्गरम्य परिसर लाभला आहे' असा शेरा मारून साहेब गेले आणि काचेचे पैसे दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेला मिळाले. त्या शाळेला बहुधा निसर्ग लाभला नसावा.

"पक्षी जरा जास्तच जिवंत उतरले होते," चित्रकलेचे सर म्हणाले. त्यांच्या आवाजात पश्चात्ताप शोधूनही सापडला नसता.

"या वेळी प्रश्न प्रयोगशाळेचा आहे," मोठे सर विज्ञानाच्या बाईंकडे वळले. "यंदा अनुदान नाही मिळालं तर ती खोली बंद. मोडके बाक ठेवायला घेणार आहेत. लक्षात येतंय ना, बाई?"

बाईंच्या लक्षात न यायला काय झालं? त्या खोलीवर त्यांचा जीव होता. शाळेनं त्यांना प्रयोगशाळा म्हणून चार भिंती, एक नळ आणि एक फळा दिला होता. नळाला पाणी नव्हतं. बाकीचं सगळं बाईंनी उभं केलं होतं, आणि ते कुठून आणलं हे फक्त बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं. वजनकाटा घरचा. भिंग सासऱ्यांचं. गरम हवेसाठी लागणारं केस वाळवायचं यंत्र नणंदेचं. आणि मधोमध ऐसपैस पसरलेलं, मुलं चारी बाजूंनी उभी राहू शकतील असं ते टेबल, ते तर घरचं जेवणाचं टेबल होतं.

टेबल यंदाची शाळा सुरू झाली तेव्हाच आलं होतं. सासूबाई गावाला गेल्या असताना बाईंनी आणि नवऱ्यानं ते उचलून आणलं. "पाय डुगडुगत होता, सुताराकडे दिलंय," असं सासूबाईंना सांगून टाकलं. तेव्हापासून घरातली सगळी माणसं सोफ्यावर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवत होती आणि सासूबाई सुताराची चौकशी करत होत्या. सुतार बिचारा फार सोसत होता. वर्षभरात त्याच्या घरी लग्न झालं, बाळंतपण झालं, छप्पर उडालं आणि त्याची कंबर तर इतक्या वेळा धरली की सासूबाईंनी त्याच्यासाठी तेलाची बाटली काढून ठेवली होती. ती बाटली पोचवण्याचं काम बाईंच्या नवऱ्याकडे होतं. तो ती शाळेत आणून देत असे आणि मुली ते तेल घर्षणाच्या प्रयोगाला वापरत असत.

ठरल्याप्रमाणे सगळे शिक्षक काहीही नीटनेटकं न करण्याचा निश्चय करून घरी गेले.

सकाळी मोठे सर शाळेत आले आणि डोक्याला हात लावून उभे राहिले. शाळा लखलखत होती. भूगोलाच्या बाईंनी भिंतीवरच्या ओलीच्या डागावर सुंदर नकाशा लावला होता. गणिताच्या सरांनी तीन पायांच्या खुर्चीला चौथा पाय ठोकला होता. खिडकीत नवा पुठ्ठा होता आणि या वेळी त्यावर समुद्र होता.

"हे कोणी केलं?" मोठे सर ओरडले. "काय ठरलं होतं आपलं?"

"सर, माझ्या वर्गाचं पोतेरं झालेलं परक्या माणसानं बघायचं?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "मला नाही ते सहन होत."

"आणि फाटकाच्या बिजागरीला तेल कोणी घातलं? ते तरी कुरकुरायला नको होतं का?"

चित्रकलेच्या सरांनी मोठ्या सरांच्या बाहीकडे नुसतं पाहिलं. तिथे तेलाचा ताजा डाग होता. मोठ्या सरांनी बाही दुमडली आणि विषय बदलला.

विज्ञानाच्या बाईंनी मात्र सर्वांवर कडी केली होती. वाफेच्या चाकाचा प्रयोग त्या घरून आणलेल्या जुन्या कुकरवर करत, पण त्याचं रबर आताशा सैल झालं होतं. साहेबांसमोर चाक फिरलंच नाही तर? मुलींनी वर्षभर मेहनत केली होती. बाईंना काही ते बघवलं नसतं. म्हणून पहाटे उठून त्यांनी घरचा रोजच्या वापरातला कुकर पिशवीत घातला आणि शाळेत आणला. घरी दुपारी पाहुणे जेवायला यायचे आहेत, हे त्या साफ विसरल्या.

साहेब आले. शाळा बघून त्यांचा चेहरा खुलत गेला आणि त्यांचा चेहरा जसजसा खुलत गेला तसतसा मोठ्या सरांचा उतरत गेला. समुद्राच्या खिडकीपाशी तर साहेब थांबून म्हणाले, "वा! इकडून वाराही छान येत असेल."

प्रयोगशाळेत दोन वेण्यांची एक मुलगी टेबलापाशी सज्ज होती. कुकर तापला, वाफेचा झोत सुटला आणि पत्र्याचं चाक असं गरगर फिरलं की साहेब दोन पावलं मागे सरले. मुलगी घडाघडा बोलत होती, एकदाही अडखळली नाही. बाईंचा ऊर भरून आला. आपण काय करून बसलो हे त्यांना साहेबांनी पेन काढल्यावर कळलं.

"प्रयोगशाळा सुसज्ज," साहेब लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले. "अनुदानाची गरज नाही."

"थांबा, साहेब!" बाई पुढे झाल्या. "हे शाळेचं नाही. हे सगळं माझ्या घरचं आहे."

साहेब हसले. "बाई, प्रत्येक शाळा मला हेच सांगते. घरचं आहे म्हणून कोण सांगणार?"

"मी सांगते ना!" दारातून आवाज आला.

दारात सासूबाई उभ्या होत्या. पाहुणे घरी येऊन बसले होते, डाळ भिजून बसली होती आणि कुकरचा पत्ता नव्हता. मुलाला जरा दरडावून विचारल्यावर त्यानं सगळं कबूल केलं होतं. म्हणजे कुकरपुरतंच. बाकीचं सासूबाईंना इथे कळत होतं.

"हा माझा कुकर," त्या आत आल्या. "हा माझा वजनकाटा. मी म्हणते, गेला कुठे! आणि हे भिंग? अगं, तुझे सासरे गेले कित्येक महिने पेपर नुसता उलटवतायत. मला वाटलं, माणसाचा जगातला रस गेला." मग त्यांनी टेबलावरचं मेणकापड उचललं. खाली लाकडावर एक काळा गोल डाग होता. सासूबाईंनी त्यावर बोट फिरवलं.

"हा माझ्या तव्याचा चटका," त्या शांतपणे म्हणाल्या. "सूनबाई, सुताराची कंबर कशी आहे आता?"

बाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मोठ्या सरांच्या चेहऱ्यावर मात्र बऱ्याच वेळानं तुकतुकी आली. "बघितलंत ना, साहेब? शाळेचं काहीही नाही इथे."

"असं आहे होय," साहेबांनी आधीचं खोडलं. "मग लिहितो. साहित्य अजिबात नाही. त्यामुळे विज्ञान शिकवलं जात नाही. खोली बंद करण्यास हरकत नाही."

"अहो, पण शिकवलं जातं!" बाई कळवळून म्हणाल्या. "आत्ताच बघितलंत तुम्ही!"

"साहित्य असेल तर गरज नाही. साहित्य नसेल तर शिकवणं होत नाही. साहित्य नाही आणि तरी शिकवतात, असा रकानाच नाही हो यात. मी काय करू?"

आतापर्यंत सासूबाई घरातून गेलेल्या वस्तू गोळा करत होत्या. त्यांचे हात थांबले.

"काय म्हणालात? माझी सून शिकवत नाही?" त्यांनी कुकर खाली ठेवला. "थांबा. ए मुली, इकडे ये. मी इतकी वर्षं कुकर लावतेय. त्याची शिट्टी का होते, सांग मला."

दोन वेण्यांच्या मुलीनं सांगितलं. आत वाफ कशी कोंडते, दाब कसा वाढतो, शिट्टीचं वजन कसं उचललं जातं, सगळं सांगितलं. वर म्हणाली, "आजी, तुमच्या शिट्टीत डाळीचा कण अडकलाय. ती काढून धुवा, नाहीतर दाब वाढून धोका होईल."

सासूबाईंनी शिट्टी काढून उजेडात धरली. कण होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. वर्षभर खोटं बोललेल्या सुनेवर रागवायला त्या आल्या होत्या, पण त्या मुलीचा धीट चेहरा बघून त्यांना अभिमानच वाटला, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"हे तिनं शिकवलंय," त्या साहेबांना म्हणाल्या. "माझ्या सुनेनं. पोरींनो, उचला सगळं सामान. टेबलसुद्धा. ठेवा बाहेर. साहेबांना रिकामी खोली बघू दे, आणि रिकाम्या खोलीत काय शिकवतात तेही बघू दे."

बघता बघता खोली रिकामी झाली. चार भिंती, कोरडा नळ आणि फळा. मुली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाईंच्या हातात खडूशिवाय काही नव्हतं. पण दोन वेण्यांच्या मुलीनं खोलीभर नजर फिरवली आणि ती साहेबांपाशी येऊन थांबली.

"साहेब, तुमचा चष्मा लिहिण्या-वाचण्याचा आहे का? लांबचं नीट दिसतं ना?"

"हो, का?"

"मग द्या ना जरा."

साहेबांनी गोंधळून चष्मा दिला. मुलीनं तो खिडकीसमोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर धरला, जरा मागे घेतला, जरा पुढे केला. भिंतीवर एक उजळ चित्र उमटलं. खिडकी होती, खिडकीबाहेरचं फाटक होतं, फाटकापाशी उभी असलेली साहेबांची गाडी होती, आणि सगळं उलटं होतं. ड्रायव्हर गाडीतून उतरला तो डोकं खाली करून चालू लागला.

"अरे!" साहेब भिंतीपाशी गेले. "हा तर माझा ड्रायव्हर! उलटा का?"

मुलीनं उलटा का तेही समजावून सांगितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. मग साहेबांनी स्वतः चष्मा धरून पाहिला आणि शाळेत पहिल्यांदाच आल्यासारखे हसले. ड्रायव्हर दिसेनासा झाल्यावर त्यांना वाईट वाटलं. त्यांनी खिडकीतून ओरडून त्याला परत फाटकापाशी उभं राहायला सांगितलं.

मग त्यांना कागदाची आठवण झाली. पण चष्मा आता दुसऱ्या मुलीकडे गेला होता आणि तिच्यामागे अख्ख्या वर्गाची रांग लागली होती. चष्म्यावाचून साहेबांना अक्षर लागेना. त्यांनी कागद बाईंपुढे धरला.

"तुम्हीच लिहा, बाई. मी सही करतो."

"पण रकाना नाही ना," बाई म्हणाल्या.

"मग आख ना!" सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं फळ्यावर आखतेस, कागदावर एक आखता येत नाही?"

बाईंनी नवा रकाना आखला आणि त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'साहित्य नाही. शिकवणं उत्तम. साहित्य तातडीनं हवं.' साहेबांनी खाली अंदाजानं सही केली. 'उत्तम' हा शब्द सासूबाईंच्या सांगण्यावरून लिहिला होता, पण तो खोडावा असं बाईंना एकदाही वाटलं नाही.

सुट्टीपुरतं टेबल घरी परत आलं. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा अनुदान खरंच आलं. काटे आले, भिंगं आली, पंपासह नवा नळ आला आणि एक भलं थोरलं नवं टेबलही आलं. ते प्रयोगशाळेच्या दारातून आत जाईना. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, गणिताच्या सरांनी मापं घेऊन ते जाणार नाही हे सिद्धही करून दाखवलं. शेवटी ते शिक्षकखोलीत ठेवलं आणि त्यावर सगळे शिक्षक ऐटीत डबे खाऊ लागले. बाई घरी आल्या त्या मान खाली घालून. काही सांगायच्या आतच सासूबाई मेणकापडाची घडी घेऊन बाहेर आल्या.

"हे विसरू नकोस," त्या म्हणाल्या. "लाकडावर डाग पडतात."

घरातली माणसं पुन्हा ताट मांडीवर घेऊन जेवू लागली. परवा पाहुणे आले, तेव्हा त्यांनी विचारलंच, "काय हो, तुमचं जेवणाचं टेबल अजून सुताराकडेच?"

"छे! सुताराकडे कशाला?" सासूबाई ताठ बसून म्हणाल्या. "शाळेत नोकरीला लागलंय ते. विज्ञान शिकवतं."

"अरे वा! मग पगार किती?"

"पगाराचं काय विचारता?" सासूबाई म्हणाल्या. "शिक्षकच आहे ना ते. येईल तेव्हा येईल."