दोनशे पटीचा कॅमेरा

माल ओळखावा तर आम्हीच! आमच्या घरात चार पिढ्यांचा भुसाराचा धंदा. मूठभर तूर तळहातावर घेतली की अप्पा सांगतात, ती कुठल्या रानातली आणि तिनं पाणी किती खाल्लंय. मी त्यांचा थोरला, योगीराज. मी तुरीऐवजी कॉम्प्युटरच्या धंद्यात पडलो, पण नजर तीच. केजला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं इंटरनेट केंद्र आहे. बाकीचे केंद्रवाले माउस बिघडला तरी यष्टीनं बीडला हेलपाटे घालायचे, दुकानदार सांगेल ती किंमत द्यायचे आणि वर त्यानं पाजलेल्या चहाचं कौतुक करत परत यायचे. मी मात्र खुर्चीवरून न उठता थेट चीनमधून माल मागवायचो, तोही बीडच्या चौथाई किमतीत! ब्रॉडबँड नुकतंच आलतं आणि अख्ख्या तालुक्यात ही विद्या मला एकट्यालाच येत होती.

आता, त्या मालात थोडंफार इकडंतिकडं व्हायचं. एक कीबोर्ड आला, त्यावरची अर्धी अक्षरं कुठल्या मुलखातली ते अजून कळलेलं नाही. एक पेन ड्राइव्ह आला, तो सकाळी सांगितलेलं संध्याकाळी विसरायचा. माझ्या बायकोनं, शिवांजलीनं, त्याला आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्यांचं नाव ठेवलतं, ते मी इथं सांगत नाही. पण स्वस्त मालाला सांभाळून घ्यावंच लागतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. ईश्वरी बीडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, वनस्पतिशास्त्र घेऊन. आलेल्या प्रत्येक स्थळात ती खोट काढायची. एकानं "पुढं शिकून काय करणार?" असं विचारलं, तर तिनं त्याच्या पुढ्यातला चहा उचलून आत परत नेला. अप्पांना रक्तदाबाच्या गोळ्या त्याच वर्षी सुरू झाल्या. अशात लातूरच्या रेवणअप्पांचं स्थळ आलं. मुलगा संगमेश्वर, इंजिनियर, कंपनीनं जर्मनीला धाडलेला. त्याचा फोटो आला आणि ईश्वरी चक्क गप्प बसली. शिवांजलीनं हळूच तिचं पुस्तक उघडून बघितलं, तर फोटो पानांत, वाळत घातलेल्या फुलाशेजारी. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

अडचण अशी की मुलाला उन्हाळ्यापर्यंत सुट्टी नव्हती आणि मुलगी बघितल्या-बोलल्याशिवाय मी हो म्हणणार नाही असं त्यानं बापाला बजावलतं. तिकडं उदगीरचं एक तालेवार स्थळही त्यांना सांगून आलतं. रेवणअप्पांनी सरळ निरोप धाडला की येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी केजला येतो, तिथं जमलं तर जमलं, नाहीतर उदगीरला होकार कळवतो. अप्पांनी डोक्याला हात लावला. मी छाती पुढं काढली.

"पोरगा जर्मनीत बसून पोरगी बघंल," मी म्हणालो. "माज्यावर सोडा."

त्याला लागणारा वेबकॅम बीडातही मिळत होता. शिवांजली म्हणालीसुद्धा, एक दिवस जाऊन घेऊन या, नणंदेच्या जल्माचा प्रश्न हाय, हितं चिकटपणा कावून करता? पण मी काय ऐकतोय! त्याच दुपारी परदेशी बाजार उघडला. एक पांढराशुभ्र कॅमेरा दिसला, हातात धरायचा, सोबत स्टँड, आणि तो धरून एक मुलगी गोड हसतेय. बाकीचे कॅमेरे तीन पट, चार पट मोठं दाखवणारे. हा दोनशे पट, आणि सगळ्यांत स्वस्त! खाली इंग्रजीत पानभर मजकूर होता, पण अप्पांनी शिकवलंय, दोन नमुन्यांतला जो वजनाला भरतो तो उचलावा, व्यापाऱ्याची बडबड ऐकू नये. मी आकडा बघितला आणि मेव्हण्याच्या क्रेडिट कार्डावर माल उचलला.

पार्सल निघालं आणि गडप झालं. पोस्टमन सुग्रीवभाऊ सायकलवरून दिसले की मी अनवाणीच रस्त्यावर धावायचो. अप्पा विचारायचे, "आलं का?" मी सांगायचो, समुद्रात हाय. येळवस तोंडावर आली तरी ते समुद्रातच होतं. बीडला जायची सोय होती, पण आता गेलो असतो तर शिवांजलीनं जन्मभर ऐकवलं असतं.

येळवस आमच्या केजला लातूरसारखी घरोघर होत नाही. पण अव्वा, म्हणजे आमची आई मल्लम्मा, पडली लातूरकडची. मार्गशीर्षातल्या अमावस्येला ती आम्हा सगळ्यांना शेतात नेणार म्हणजे नेणारच. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभं केलं, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव मांडले, भाज्या-डाळींची भज्जी झाली, बाजरीचे उंडे झाले, आंबिलीचं मडकं भरलं. सुग्रीवभाऊंना जेवायचं आवतण होतंच. ते आले ते पार्सल सायकलला बांधून! मी झडप घालणार, तेवढ्यात अव्वा आडवी आली. सणाच्या दिवशी आलेली वस्तू म्हणजे लक्ष्मी, तीही पोरीच्या लग्नासाठी आलेली. आधी पांडवांपुढं ठेव म्हणाली. ठेवली. हळदकुंकू वाहिलं. अप्पा "ओलगे ओलगे, सालम पोलगे" असा येळवशीचा घोष करत पिकावर आंबील शिंपडत निघाले आणि जाताजाता दोन शिंतोडे त्या खोक्यावरही उडवून गेले. अमावस्या सरल्याशिवाय ते फोडायचं नाही असा अव्वाचा हुकूम सुटला. तसंही घरी येऊन बघतो तर लोडशेडिंग, फोडून तरी काय करणार होतो!

दुसऱ्या दिवशी लाइट दहा ते दोन होती, म्हणून कार्यक्रम अकराला धरला. जर्मनीत तेव्हा पहाट, पोरगं कामावर जायच्या आधी उठून बसणार होतं. रेवणअप्पा आणि त्यांच्या मंडळी मंजुळाबाई वेळेआधीच आले. शरणार्थ, म्हणजे आमच्यातला नमस्कार, झाला, पाणी झालं. रेवणअप्पाही अडतवालेच निघाले, त्यामुळं अप्पांची आणि त्यांची तुरीवरून लगेच गट्टी जमली. ईश्वरी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, रिवाजाप्रमाणं मान खाली, अंगात डाळिंबी साडी. साडी अस्सल रेशमाची आहे हे अव्वानं कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

मी कॉम्प्युटरवरून फोन जोडला. पडद्यावर संगमेश्वर आला, स्वेटर घातलेला, केस चापून बसवलेले. त्याच्याकडं धड कॅमेरा असल्यामुळं तो अगदी लख्ख दिसत होता. ईश्वरीनं खालच्या मानेनंच डोळ्याच्या कोपऱ्यातून पुरेपूर बघून घेतलं. आता आमची पाळी. मी खोका फोडला. आत जाडजूड बॅटरीसारखी एक वस्तू होती, तोंडाला गोल बारीक दिवे लावलेले. मी दिवे पेटवून सगळ्यांना दाखवले. लाइट गेली तरी पोरगी दिसणार, म्हणालो. रेवणअप्पांनी मान डोलावली.

वायर लावली, रोख ईश्वरीकडं धरला. पडद्यावर गुलाबी धुकं!

"दादा, काईच दिसंना," संगमेश्वर म्हणाला. "जरा जवळ न्या."

मी जवळ नेलं. धुकंच. अजून जवळ नेलं. तेही धुकंच. नेतानेता ते पोह्यांच्या ट्रेला टेकलं आणि एकदम चित्र लख्ख झालं. पिवळ्या उतारावर एक काळाकुट्ट दगड, घराएवढा.

"हे कुठलं डोंगराचं चित्र लावलं?" पोरानं विचारलं.

"पोहे हायत," मी म्हणालो. "दगड न्हाई, मव्हरी."

तो सभ्यपणे हसला. मी घाईनं रोख वर घेतला तो ईश्वरीच्या पदराला टेकला. पडद्यावर चकचकीत दोरखंड पसरले. मंजुळाबाईंचं माहेर कापड दुकानदाराचं. त्या उठून पडद्याजवळ गेल्या, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "हे रेशीम न्हाई, नायलान हाय." अव्वा भिंतीवरच्या कॅलेंडरात काहीतरी शोधायला लागली.

मग मी ते चेहऱ्यापाशी नेलं. तिथंच सगळं बोंबललं. ईश्वरीच्या हनुवटीवर लहानपणच्या कांजण्यांचा तिळाएवढा व्रण आहे. पडद्यावर त्याची विहीर झाली, आमच्या शेतात आहे तेवढी!

"अगं बाई!" मंजुळाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "पोरीला केवढा खड्डा!"

खरी गंमत बघा. पोरगी हातभर अंतरावर बसलेली, चेहरा चंद्रासारखा स्वच्छ. पण तिच्याकडं बघतंय कोण? सगळ्यांचा विश्वास पडद्यावर. मी हात मागं ओढला तर ते माझ्याच ओठाला टेकलं आणि पडद्यावर मिशी उगवली, ती कुणाची हे सांगता सांगता माझी बोबडी वळली. ती माझीच होती, पण कुणाला पटंना. रेवणअप्पांनी घड्याळ बघितलं आणि बायकोला हळूच उदगीरची बस विचारली. अप्पांचा हात खिशातल्या गोळीकडं गेला. ईश्वरीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. स्वस्ताच्या नादात मी माझ्या बहिणीला आवडलेलं एकुलतं एक स्थळ घालवलं होतं.

तेवढ्यात ईश्वरीनं पदरानं डोळे पुसले आणि मान वर केली.

"दादा, हिकडं दे ते," ती म्हणाली. "ह्यो कॅमेरा न्हाई, मायक्रोस्कोप हाय. आमच्या कॉलेजात सगळ्या वर्गात मिळून एक हाय." मग ती पडद्याकडं वळली. "तुमाला ह्याच्यात माजं तोंड दिसायचं न्हाई. पण थांबा, एक दाखवते."

ती आत गेली आणि पोह्यांतून उरलेला अर्धा कांदा घेऊन आली. त्याचा कागदाहून पातळ पापुद्रा सोलला. ठेवायला काच पाहिजे होती, तिनं अप्पांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. खालून उजेड पाहिजे होता, तिनं रेवणअप्पांच्या हातात टॉर्च दिला आणि हलवू नका म्हणून दटावलं. होणारा सासरा टॉर्च धरून उकिडवा बसला! पडद्यावर विटांची भिंत उभी राहिली, एकाला एक लागून नाजूक विटा, प्रत्येकीत एक ठिपका.

"कांदा हाय," ईश्वरी म्हणाली. "एकेक वीट म्हंजी एकेक पेशी. शाळेत बघितली आसंल तुमी."

"न्हाई दिसली कदीच," संगमेश्वर म्हणाला. "मास्तर म्हणायचे, दिसतंय म्हण. मग आमी म्हणायचो."

ईश्वरी मोठ्यानं हसली. बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी अशी हसलेली आमच्या घरानं पहिल्यांदाच ऐकली. मग काय, तिनं त्याला गजऱ्यातल्या शेवंतीचे पराग दाखवले, ज्वारीचं पीठ दाखवलं, मुंगीचा पाय दाखवला. तो विचारत होता, ती सांगत होती. आम्ही बाकीचे सगळे तिचे हमाल. हे धर, ते आण, बाजूला सर. मधेच तिनं यंत्रावरची नजर न काढता विचारलं, "शिकून काय करणार, असं न्हाई विचारायचं का?"

"काय शिकणार, ते विचारतो," तो म्हणाला.

"एम.एस्सी."

"मग शिका की."

अव्वानं शिवांजलीचा हात दाबला. संगमेश्वर खुर्चीत सावरून बसला, बापाला म्हणाला, "अप्पा, माजं म्हणणं आसंय की..." आणि लाइट गेली.

दोनला जायची ती आजच लवकर गेली. अंधारलेल्या खोलीत सगळे पुतळ्यासारखे. रेवणअप्पा तर टॉर्च धरूनच बसलेले. मग त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. "बरं," ते म्हणाले. "बरं. बरं बाबा." फोन ठेवला, मिशीवरून हात फिरवला.

"उदगीरला न्हाई म्हणून कळवा म्हणतोय," ते म्हणाले.

अव्वा रडायलाच लागली. अप्पांनी गोळी परत खिशात ठेवली. मी लगेच म्हणालो की माल ओळखावा तर आम्हीच, पण कुणाचं लक्ष नव्हतं. लाइट आल्यावर रेवणअप्पांनी पिशवीतली नमुन्याची तूर काढून त्या यंत्राखाली धरली. दाण्यावर किड्याची अंडी दिसल्यावर त्यांना जे काही झालं ते सांगता येत नाही. देण्याघेण्याचं काहीच बोलायचं नाही म्हणाले, फक्त ही वस्तू द्या. पण ईश्वरीनं ती पदराखाली घेतली होती. "ही माजी," ती म्हणाली. मी पुन्हा छाती पुढं काढली. व्याह्यांना लग्नात आहेर म्हणून असंच दुसरं यंत्र देतो म्हणालो. शिवांजलीनं कपाळावर हात मारून घेतला.

ह्या वेळी पानभर इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचलं. मायक्रोस्कोप असंच लिहिलेलं होतं आणि आधीच्यापेक्षाही स्वस्त होता! पार्सल वेळेवर आलं. फोडून बघणार होतो, पण आहेराचं पुडकं आधी फोडत नाहीत, असं अव्वा म्हणाली.

उन्हाळ्यात लग्न झालं. अक्षता पडल्या आणि मी मंडपात कॉम्प्युटर मांडला. लातूरच्या बाजारातले अडते झाडून पडद्यापुढं जमले. रेवणअप्पांनी खिशातून तुरीचा दाणा काढला, यंत्रापुढं धरला, वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"योगीराज," ते म्हणाले, "दाणा दिसंना. मीच दिसाया लागलोय."

ह्या वेळी वेबकॅम आलता. रंग, चेहरा, फेट्याचा तुरा, सगळं कसं झकास दिसत होतं.

त्या आठवड्यात मी मुकाट्यानं यष्टी धरली आणि बीडला गेलो. दुकानदारानं बसवलं, चहा सांगितला. मायक्रोस्कोप पाहिजे म्हणालो. तो खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "शिल्लक न्हाई, पण चार दिस थांबा. परदेशी बाजाराची एक साइट घावलीय, लई स्वस्त देतेत."

चहा मात्र खरंच चांगला होता.