कार्बनच्या तावांस हरकत

कागदाला कागद धरून राहतो, हे आमच्या कार्यालयाला विज्ञानाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

घाटंजीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शाल्मली मॅडमना ते उशिरा कळलं. कार्बनचे अणूएवढे पातळ ताव डिंक, टाचणी, विद्युतभार काही नसताना एकमेकांना चिकटतात, यावर त्यांचं संशोधन. एका तावातले इलेक्ट्रॉन क्षणभर कलले, की शेजारच्या तावातलेही कलतात म्हणे. (यालाच आम्ही वरिष्ठांचा कल पाहणे म्हणतो.) त्यांना बंगलोरच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. मात्र पंधरा जूनपर्यंत आमच्या शिक्षण खात्याचं ना-हरकत पत्र हवं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

मोठे बाबू दीनानाथरावांनी अर्ज सहानुभूतीपूर्वक वाचला.

"मॅडम, कार्बन तं बंद झाला न. आता झेरॉक्स हाय. कायले संशोधन करून राह्यल्या?"

"तो कार्बन पेपर नाही हो. हा ताव नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

"मंग मी शेरा कुठी मारू?"

न दिसणाऱ्या तावावर शेरा मारता येईना. तेव्हा कार्बन शिल्लक नसल्याचा दाखला जोडावा, असं ठरलं. भांडारपाल नंदाबाईंनी कपाट उघडलं, तर कार्बन पेपरचा एक डबा निघाला. यवतमाळच्या उन्हाळ्यांनी सगळे ताव एकजीव झालेले. आता शिल्लक आहे म्हटल्यावर दाखला नाही. निर्लेखन करून डबा नोंदीतून काढायचा तर मोजणी हवी, मोजणीला ताव सुटे हवेत, आणि ते सुटेनात. ते का चिकटतात यावर तज्ज्ञाचा अहवाल मागवायचं ठरलं. जिल्ह्यात या विषयाच्या तज्ज्ञ एकच, शाल्मली मॅडम. साहजिकच त्यांनी जिल्हा सोडण्यास कार्यालयाची हरकत निघाली.

मॅडमच सांगायच्या, हे ताव एकमेकांवरून सहज सरकतात, पण ओढून सुटत नाहीत. त्यांची फाईल अगदी तशीच अकरा टेबलांवरून सरकली.

पंधरा जून गेला. मॅडम अर्ज परत मागायला आल्या आणि बाकावर बसून रडल्या. आम्हाला वाईट वाटलं (तशी नोंद आहे). पण अर्ज देता आला नाही, त्याच्या पाठीला दुसरा एक अर्ज चिकटलाय. त्या अर्जदाराने ठामपणे विचारलं, तरच दोन्ही सोडवावे लागतील. नाव वाचलं, तुमचं आहे. तुम्ही दर महिन्याला येता, "बरं साहेब" म्हणता आणि परत जाता.