निवृत्तीमामांच्या गळ्यातले पंप

निवृत्तीमामांच्या गळ्यात शिट्टी नसते, दम्याचे पंप असतात. चार. सुतळीत ओवलेले! भंडारदऱ्याच्या काठावर हा अवतार बघून पर्यटक बावचळतात. त्यात आम्ही कयाकमध्ये बसण्याआधी मामा गरजतात, "घेतला का गं?" पर्यटकांना भलतंच वाटतं आणि ते पोराबाळांना घेऊन लांब सरकतात.

मामा आमचे प्रशिक्षक. राज्याच्या संघात वल्हं मारणाऱ्या आम्ही पाच जणी, त्यातल्या माझ्यासकट तिघींना दमा. सकाळची गार हवा, त्यात तोंडाने भराभर श्वास ओढायचा, छाती आवळतेच. पंप सांभाळण्याच्या बाबतीत मामांचा आमच्यावर काडीचा भरवसा नाही, म्हणून ते त्यांच्याच गळ्यात. तीन पंपांवर आमची नावं. चौथ्यावर काहीच नाही.

राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीला मी हट्टाला पेटले. अर्जातला औषधांचा रकाना कोरा ठेवला.

"औषधावर जिंकली म्हणतील, मामा. आज मी घेणार नाही."

एरवी आकाशपाताळ एक करणारे मामा मटकन खाली बसले. रंग उडालेला चौथा पंप त्यांनी मुठीत धरला.

"ह्यो माझा. निवडीला मीबी असाच आल्तो. वाटलं, घेतला तर चोरी व्हईल. निम्म्यात छाती भरली, कयाक उलटली. लोकांनी वढून काढला. परत बसलोच न्हाई." मग पेन पुढे केलं. "चोरी न्हाई गं बाय, श्वास हाय. डॉक्टरची चिठ्ठी जोड अन् लिव्ह."

लिहिलं. पंप घेतला. निघाले. मामा काठाकाठाने माझ्याबरोबर पळत होते, "वढ! वढ गं!"

दुसरी आले. निवड झाली! नाचत काठावर आले, तर मामा दगडाला टेकून बसलेले, छाती सूं सूं वाजतेय. मला स्वतःचीच लाज वाटली. हा माणूस इतकी वर्षं रोज आम्हाला विचारतोय.

"मामा, तुम्ही घेतला का?"

"मला कोन इचारतंय?"

"मी विचारतेय ना!"

तशीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. आता चौथा पंप नवा आहे, त्यावर माझ्या अक्षरात 'मामा' लिहिलंय. रोज पाण्यात उतरण्याआधी मी ओरडते, "घेतला का?"

मामा आमच्याकडे पाठ करतात. थोड्या वेळाने हळूच आवाज येतो, "घेतला."