अवकाशातल्या घराची वास्तुशांत

"अवकाशात माणूस राहील तर माझ्याच घरात राहील!" असं मी विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलात छाती फुगवून सांगत असे. घरही तसंच, हवा भरून फुगवायचं, जाड पारदर्शक प्लास्टिकचं. दोन माणसांनी आत पडल्या पडल्या चांदण्या बघायच्या!

ते तपासायला बेंगळुरूच्या एका अवकाश-कंपनीतून पंचशीला मॅडम येणार होत्या. घर पसंत पडलं तर मला त्यांच्याकडे नोकरी. मी ते जळकोटला धुरपताआत्याच्या वावरात उभारलं. दुष्काळानं त्या वावराचा चंद्र करूनच ठेवला होता!

गाव जमलं. तेव्हा नवा जिल्हा होणार अशी हवा होती.

"जिल्ह्याचं हापिस हाय का रे?" निवृत्तीकाकांनी विचारलं.

"नाही हो काका, राहायचं घर आहे."

"तरीच! सरकारी आसतं तर इतकं आरपार दिसलं नसतं!"

मी मॅडमना आणायला फाट्यावर गेलो. परत येतो तर घर फुगलेलंच होतं, पण आरपार काही दिसेना! आत धूरच धूर. धुरात आत्या, शेजारची जोहराचाची आणि नागुबाई खोकत बसलेल्या. मधे गोवऱ्यांची शेगडी, शेगडीवर दुधाचं पातेलं!

"आत्या, बाहेर ये!"

"थांब की! नव्या घरात दूध उतू गेल्याबिगर उठत न्हाईत!"

"अगं, हा नुसता नमुना आहे!"

"तूच म्हणलास की, राहायचं घर हाय!"

तेवढ्यात ठिणगी उडाली आणि भिंतीला भोक पडलं. फुस्स! छप्पर सावकाश खाली येऊ लागलं. आत्यानं पातेलं उचलून सगळं दूध शेगडीवर ओतून ती विझवली. आम्ही तिघींना ओढून बाहेर काढलं.

आत्या मातीत बसून रडायला लागली. वैरणीवाचून जनावरं आटली होती. गल्लीनं सकाळी काळा चहा पिऊन ते दूध माझ्या घरासाठी जमवलं होतं.

"किती माणसांसाठी केलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"दोन."

"आन् पावनेरावळे?" आत्या डोळे पुसत म्हणाली. "वर येकटंच ऱ्हायचं व्हय रे?"

इतकी गणितं केली होती, पण हे मला सुचलंच नव्हतं.

नोकरी हुकली. आत्या अजून सगळ्यांना सांगते, "दूध उतू गेलं आसतं ना, तर लागला आसता पोरगा!" मी इंजिनिअर माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. पण खरं सांगू? मलाही आता तसंच वाटायला लागलंय!