तिसरी शिट्टी

छबुबाईला दंग्याला जायला उशीर होत होता आणि शेवटची भाकरी काही केल्या फुगत नव्हती. "ऋतुजा, एवढी भाजून घे गं. तिकडं लोक दगडं मारायला लागले असतील," असं लेकीला सांगत तिनं पदर खोचला आणि ती गायरानाकडं निघाली.

पिंपळदऱ्याच्या गायरानावर पोलिसांचं ट्रेनिंग सेंटर झालं तेव्हा गाव हळहळलं होतं, की चरायची जागा गेली. पण नव्या पोलीस पोरापोरींना जमाव पांगवायचा सराव करायचा तर आधी जमाव लागतो, आणि केज तालुक्यातल्या या गावात दुसरं काही नसलं तरी जमाव मुबलक होता. अख्खं गाव रोजंदारीवर दंगेखोर झालं. पहिल्या शिट्टीला खाली बसायचं, दुसरीला उठून घोषणा द्यायच्या आणि चिंध्यांचे दगड फेकायचे, तिसरीला जे पळायचं ते थेट लिंबाखाली. तिथं चहा-पोहे मिळत. मागं राहणाऱ्याच्या वाट्याला नुसता चहा येई, त्यामुळं गाव पळायला फार लवकर शिकलं.

दंग्यानं गावाला बरे दिवस आणले. कुणी सेंटरला दूध घालू लागलं, कुणी भाजी. छबुबाईच्या नवऱ्यानं, बंकटनं, खाकी कपड्यांना इस्त्री करायची टपरी टाकली. दसरा झाला की ऊसतोडीला माणसं न्यायला येणारे ट्रक पिंपळदऱ्यातून रिकामे जाऊ लागले. छबुबाईला जास्त आनंद याचा, की ऋतुजाची शाळा हिवाळ्यात तुटली नाही आणि ती दहावीला पोचली. नाहीतर उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत भाकरी थापायला पोरगी लागायचीच.

आणि मग सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचा हुकूम आला.

सरपंच बिभीषणनं पारावर गाव जमवलं. "केजला तहसीलवर मोर्चा न्यायचा. साहेब सोता बाहेर येऊन निवेदन घेईस्तोवर बूड हलवायचं न्हाई."

"आपल्याला खरा मोर्चा जमंल का पण?" बंकटनं शंका काढली.

"दोन वर्षं मग काय कीर्तन करू लागलास बे?" बिभीषण म्हणाला.

निघताना ऋतुजा आईला म्हणाली, "दुसरे उठले तरी तू उठू नको, आई."

"म्या कावून उठीन गं?" छबुबाई म्हणाली. ते तिला मनापासून वाटत होतं.

तहसीलच्या अंगणात पिंपळदरं असं झकास बसलं की कामाला आलेले लोक कामं सोडून बघत राहिले. रांगा सरळ, घोषणा एका सुरात. बंदोबस्ताला मनिषा नावाची पोलीस पोरगी होती. ती ट्रेनिंगला असताना तिनं छबुबाईला कितीदा बखोटीला धरून ओढून नेलं होतं, आणि नंतर लिंबाखाली तिचं कोपरही चोळून दिलं होतं.

"मावशी, तुमी? जेवलात का?"

"आज जेवायला न्हाई आलो बाई. आज खरं हाय," पहिल्या रांगेतून छबुबाई म्हणाली.

दुपारी शिपाई बाहेर आला. "शांत बसा. साहेब येऊ लागले." बिभीषणनं खिशातलं निवेदन चाचपलं. नेमकी त्याच वेळी एक प्रवासी जीप फाटकातून उलटी आत येऊ लागली, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या दिशेनं. मनिषानं शिट्टी मारली. ड्रायव्हर कानाला फोन लावून होता. तिनं पुन्हा मारली, तरी तो थांबेना. मग तिनं सगळा जीव काढून तिसरी मारली.

पहिल्या शिट्टीला गाव बसलेलंच होतं. दुसरीला ते उठलं. तिसरीला सगळ्यात आधी कोण पळालं म्हणाल तर छबुबाई. आपण पळतोय हे तिला समजलं तेव्हा ती बस स्टँडजवळ पोचली होती आणि लिंबाचं झाड शोधत होती. तिला मागं टाकून पुढं गेला होता तो फक्त बिभीषण, निवेदनासकट.

साहेब बाहेर आले तर अंगणात नुसत्या चपला. "लोक कुठं गेले?"

"पांगले, साहेब. कुणी हात सुदिक लावला न्हाई," शिपाई म्हणाला.

"समजूतदार दिसतात," असं म्हणून साहेब गाडीत बसले आणि बीडला मीटिंगला गेले.

गाव खाली मान घालून अंगणात परत आलं तेव्हा मनिषा चपलांचे जोड लावत होती. तिचे डोळे भरले होते. "कावून पळालात, मावशी? मी त्या जीपवाल्याला शिट्टी मारलती."

"लई कडक वाजवतीस गं," छबुबाई म्हणाली.

निवेदन मग एका खिडकीत दिलं आणि तिथंच राहिलं. सेंटर गेलं. गायरानावर तारेचं कुंपण तेवढं उरलं. बंकटची इस्त्री थंड पडली आणि ऊसतोडीचा मुकादम उचलीचे पैसे घेऊन दारात आला. गावातल्या कुणी छबुबाईला बोल लावला नाही. ऋतुजानंही लावला नाही, पण ती आईकडं बघेनाशी झाली, आणि तेच छबुबाईला फार लागलं. पोरीनं शाळेचा ड्रेस घडी करून पेटीत तळाला ठेवला.

दिवाळीनंतर ट्रक लागला. माणसं, भांडी, शेळ्या, सगळं चढलं. मागं राहिलेल्या दोघांना बोलवायला मुकादमानं खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली. ते येईनात, म्हणून पुन्हा वाजवली. मग तिसऱ्यांदा.

ट्रकमधून धडाधड उड्या पडल्या. बायकापुरुष सगळे लिंबाच्या दिशेनं सुटले. बंकटही गेला. छबुबाईनं मात्र दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली, दात आवळले आणि ती जागची हलली नाही.

लोक एकेक करून, ओशाळं हसत परत चढले. "ह्या मावशीकडून शिका जरा," मुकादम खूश होऊन म्हणाला, "असं बसावं माणसानं."

ट्रक सुरू झाला. ऋतुजानं दप्तर मांडीवर ओढून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी आईकडं बघितलं. "आई," ती हळू म्हणाली, "आज पळायचं व्हतं गं."